रेट्रो हँडहेल्ड, सात महिन्यांनंतर: सेव्ह कुठे जातं ते आधी समजून घ्या

एप्रिलमधला सोमवार. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल मिळाली, त्यामुळे खिडकीजवळ बसायलाही मिळालं. बॅगेतून हँडहेल्ड (जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातात मावणारं यंत्र) काढला तर स्क्रीन काळी. शुक्रवारी घरी येताना पॉवरचं बटण हलकं दाबून त्याला झोपवलं होतं, शनिवार-रविवार तो बॅगेतच राहिला आणि बॅटरी संपली. ते ठीक आहे, पॉवर बँक होती. चालू केला, ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’ हा लढायांचा गेम उघडला आणि मुंब्रा येईपर्यंत नुसती बघत बसले. मोहीम बुधवार रात्रीच्या जागेवर होती. गुरुवार-शुक्रवारच्या चार प्रवासांत जिंकलेल्या तीन लढाया नव्हत्याच. प्रत्येक लढाईनंतर मी गेमच्या मेनूत जाऊन सेव्ह केलं होतं. सेव्ह झालं असं गेमने सांगितलंही होतं.

हा अनुभव लिहायला बसले ती मुख्यतः या एका गोष्टीसाठी.

यंत्र कसं आहे ते थोडक्यात. ३.५ इंची स्क्रीन, ६४०×४८०, ऑलविनरची एच७०० चिप, १ जीबी रॅम, ३३०० एमएएचची बॅटरी, कार्डांसाठी दोन खाचा. ‘अलीएक्सप्रेस’ ही चिनी खरेदीची साइट आपल्याकडे २०२० पासून बंद, त्यामुळे इथल्याच एका विक्रेत्याकडून डिसेंबरमध्ये मागवला. ६,७०० रुपये पडले. बाहेरच्या किमतीशी तुलना केली तर जास्तच, आणि माझ्यासारखीला खेळण्यावर एवढे पैसे घालणं सोपं नव्हतं. दोन महिने रोज किंमत बघत होते. शेवटी हिशेब असा केला की रोजचे जाऊन-येऊन अडीच तास मी मोबाइलवर बोट सरकवत घालवते आणि उतरताना काय पाहिलं तेही आठवत नाही. निदान एक काम पूर्ण केल्याचं समाधान तरी मिळेल.

पहिले दोन महिने ते मिळालंही. मग फेब्रुवारीत एका सकाळी यंत्र सुरू होताना नुसतं चिन्ह दाखवून तिथेच अडकलं. दहा वेळा बंद-चालू केलं. लॅपटॉपला कार्ड लावलं तर कधी दिसे, कधी नाही. सोबत आलेलं कार्ड उडालं होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की कार्ड ही अ‍ॅक्सेसरी आहे, वॉरंटी फक्त यंत्राला. मी विचारलं की कार्डाशिवाय यंत्र सुरूच होत नसेल तर ते अ‍ॅक्सेसरी कसं? त्यावर तेच वाक्य पुन्हा आलं. आठ दिवस मी त्यांच्याशी भांडले. चारशे-पाचशे रुपयांचा प्रश्न होता हे मला कळत होतं, पण ज्या कार्डावर कोणाचंही नाव छापलेलं नाही ते विकताना ‘सगळं तयार, फक्त चालू करा’ म्हणायचं आणि ते मेल्यावर हात झटकायचे, हे मला आजही पटत नाही. त्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीला मी ठाम सांगितलं होतं, हे घेऊ नकोस.

नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ते कार्ड काढून बाजूला ठेवावं. त्यावर हजारो गेम भरलेले असतात, बहुतेक कोणाच्या परवानगीशिवाय, आणि त्या ढिगात काय खेळायचं तेच सुचत नाही. मोफत आणि रीतसर मिळणारे नवे गेमही आहेत. गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी ‘अपोट्रिस’ आणि साध्या गेम बॉयसाठी (ही निन्टेंडोची जुनी, हातात धरायची यंत्रं) ‘टोबू टोबू गर्ल’ हे दोन आधी खेळून बघा. माझ्या पहिल्या महिन्यातला अर्धा वेळ ‘अपोट्रिस’मध्येच गेला.

ओळखीच्या ब्रँडची दोन कार्डं घेतली, एक सिस्टिमसाठी, एक गेमसाठी. दुकानातून आणलेल्या कार्डावरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, खोट्या क्षमतेची कार्डं पुष्कळ फिरतात. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा छोटा प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून लिहितो आणि परत वाचून पडताळतो. ६४ जीबीला तासाहून जास्त लागतो, पण रात्री लावून झोपायचं. मग ‘म्यूओएस’ ही मोफत सिस्टिम उतरवून पहिल्या कार्डावर ‘बलेना एचर’ या प्रोग्रामने फ्लॅश केली, म्हणजे कार्डावर उतरवली. इथे एक जागा अशी आहे की नवखा माणूस हमखास फसतो. फ्लॅश झाल्या झाल्या विंडोज एकामागून एक खिडक्या उघडून विचारतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? कार्डावरचे लिनक्सचे भाग त्याला वाचता येत नाहीत, म्हणून ते विचारतं. प्रत्येक वेळी नाही म्हणायचं. मी पहिल्यांदा एका खिडकीला हो म्हटलं आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

नवीन सिस्टिमवर तेच यंत्र इतकं हलकं आणि नीट चालायला लागलं की मैत्रिणीला दिलेला सल्ला मी मागे घेतला. मार्चमध्ये तिनेही घेतला.

आणि मग एप्रिलमधला तो सोमवार.

मला ते एवढं का लागलं ते सांगते. बार्शीला आमच्याकडे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, दादाने हट्ट करून घेतलेला. पिवळी कॅसेट, न चालली की फुंकर मारून पुन्हा घालायची. ‘कॉन्ट्रा’ आम्ही दोघं खेळायचो. निळा दादा, लाल मी, दुसरा कंट्रोलर कायम माझ्याकडे. त्यात सेव्ह नावाचा प्रकारच नव्हता. जेवायला हाक आली की पॉज करून टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि आईला हात जोडून सांगायचं की बटणाला हात लावू नकोस. ती लावायची नाही. लाइट मात्र जायची. धबधब्याच्या लेव्हलला पोचलो की हमखास जायची, असं तेव्हा वाटायचं. पंखा थांबल्याचा आवाज आला की आम्ही एकमेकांकडे बघायचो, कारण लाइट आल्यावर पुन्हा जंगलापासून सुरुवात. बर्फाची पाचवी लेव्हल मी लहानपणी कधी पाहिलीच नाही. म्हणून मोठेपणी खिशात मावणारा गेम घेताना माझी अपेक्षा एकच होती. स्टेशन आलं, गर्दी आली, बॅटरी संपली, तरी जिथे होते तिथूनच पुढे जाता यावं. चित्र, आवाज, रंग हे सगळं त्यानंतर.

तर त्या सोमवारी झालं काय? ज्या जुन्या गेममध्ये सेव्हची सोय होती, त्यांच्या कॅसेटमध्ये ते ठेवायला एक छोटी मेमरी असायची आणि ती जिवंत ठेवायला पुष्कळदा आतच एक बटण-सेल. तुम्ही गेममध्ये सेव्ह केलं की ते तिथे लिहिलं जायचं. इथे कॅसेट नाही, म्हणून एम्युलेटर (जुन्या यंत्राचं सोंग घेऊन गेम चालवणारा प्रोग्राम) त्या मेमरीची नक्कल यंत्राच्या रॅममध्ये करतो. गेमला वाटतं आपण कॅसेटवर लिहिलं, म्हणून तो खुशाल ‘सेव्ह झालं’ म्हणतो. प्रत्यक्षात ते रॅममध्येच असतं आणि कार्डावरच्या ‘.एसआरएम’ फाइलमध्ये उतरतं ते तुम्ही गेम रीतसर बंद करता तेव्हा. मी बुधवारी रात्री मेनूतून बाहेर पडले होते. गुरुवार-शुक्रवार नुसतं झोपवत राहिले. झोपेत रॅमला वीज लागते, ती संपली आणि तिच्याबरोबर तीन लढाया गेल्या.

कार्ड मेलं तेव्हा चूक कार्डाची होती, पण इथे यंत्रात काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलेलं नसताना नुकसान होतं हे मला जास्त वाईट वाटतं, कारण वापरणाऱ्याला सावध करणारी एकही खूण कुठे नाही. उपाय मात्र आहे आणि अर्ध्या मिनिटाचा आहे. हे एम्युलेटर ज्या प्रोग्राममधून चालतात त्या रेट्रोआर्कच्या सेटिंग्जमध्ये सेव्हिंगखाली ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल’ नावाची ओळ आहे. ती मुळात बंद असते. मी दहा सेकंदांवर ठेवली. आता गेमने सेव्ह केलं की दहा सेकंदांच्या आत ते कार्डावर जातं. त्याच पानावर ‘ऑटो सेव्ह स्टेट’ आणि ‘ऑटो लोड स्टेट’ आहेत, गेम बंद करताना त्या क्षणाची स्थिती आपोआप ठेवणारे आणि उघडताना ती परत आणणारे, तेही चालू केले. बदल केल्यावर कॉन्फिगरेशन सेव्ह करायला विसरू नका. मैत्रिणीच्या यंत्रावर हे सगळं मी स्वतः करून दिलं, तिचं काही जाण्याआधी.

दुसरा सापळा सेव्ह स्टेटचा. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाचं संपूर्ण चित्र, कॅसेटच्या मेमरीसकट. समजा मंगळवारी स्टेट घेतली, बुधवारी गेमच्या आतून सेव्ह केलं आणि गुरुवारी चुकून मंगळवारची स्टेट उघडली. आता मेमरीही मंगळवारची झाली आणि थोड्या वेळात बुधवारचं सेव्ह फाइलमधूनही पुसलं जातं. दहा सेकंदांचं सेटिंग केलं असेल तर उलट लवकर पुसलं जातं! स्टेट उघडताना सेव्हरॅमवर लिहू नये असाही पर्याय त्याच पानावर आहे, तो चालू ठेवा. शिवाय स्टेट त्या-त्या एम्युलेटरला बांधलेली असते. सिस्टिम अपडेट झाली आणि आतला एम्युलेटर बदलला तर जुनी स्टेट उघडेलच असं नाही. ‘.एसआरएम’ फाइल सहसा कुठेही चालते, दुसऱ्या यंत्रावर, लॅपटॉपवर. म्हणून रोजच्या थांबण्या-उठण्यासाठी स्टेट आणि टिकवायचं ते गेमच्या आतल्या सेव्हमध्ये, असं मी ठरवून टाकलंय.

बाकीचं पटापट सांगते. स्क्रीन चांगली आहे, पण कोणता गेम खेळता त्यावर समाधान ठरतं. साध्या गेम बॉयचं चित्र १६०×१४४, बरोबर तिप्पट केलं की ४८०×४३२, अक्षरं अगदी रेखीव. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं २४०×१६०, ते पूर्ण रुंदीला ताणलं की पटीचा हिशेब जमत नाही, काही ठिपके जाड, काही बारीक होतात आणि नकाशा सरकताना तो थरथरतो. मी दुप्पट करून चारी बाजूंनी काळी चौकट ठेवते. चित्र लहान दिसतं, पण डोळे दुखत नाहीत. डी-पॅड, म्हणजे दिशांचं बटण, ‘अपोट्रिस’मध्ये कधी कधी बाजूला दाबताना खालीही दाबला जातो. अ‍ॅडव्हान्स वॉर्ससारख्या पाळीपाळीच्या खेळात ते जाणवत नाही, आणि लोकलला तसेच खेळ बरे. ठाण्याला बायका चढल्या आणि कोणी ‘कुठे उतरणार?’ विचारलं की बोट उचलून उत्तर देता येतं. बॅटरी मला पाचेक तास पुरते. स्पीकर कर्कश आहे, मी वायरचे इअरफोन लावते.

मे महिन्यात दादा पुण्याहून चार दिवस आला होता. मिनी एचडीएमआयची केबल दोनशे ऐंशी रुपयांना मिळाली, दुसरा कंट्रोलर मैत्रिणीच्या मुलाचा उसना आणला, ओटीजी अडॅप्टर घरात होताच. रात्री जेवण झाल्यावर टीव्हीला लावला. मी न विचारताच दादाने उसना कंट्रोलर स्वतःकडे घेतला आणि हँडहेल्ड माझ्या हातात दिला. निळी मी, लाल तो. धबधब्याला तो तसाच भराभर वर चढायला लागला. तिथे एक वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि मागे राहिलेला खालून मरतो, लहानपणी मी अशीच मरायचे. मी ओरडले, तो थांबला. मी वर येईपर्यंत गोळ्या चुकवत एका कड्यावर उभा राहिला. धबधबा पार झाला तेव्हा मी स्टेट घेतली. चौथी लेव्हल संपली तेव्हा पुन्हा घेतली. मग स्क्रीनवर बर्फ आला. रात्रीचा एक वाजून गेला होता आणि दादाला सकाळी लवकरची गाडी होती. पाचवीच्या सुरुवातीला, दोघंही शेजारी उभे असताना, स्लॉट तीनमध्ये स्टेट घेतली आणि बंद केलं.

सेव्हचं फोल्डर मी दुसऱ्या कार्डावर हलवलं आहे, ते एक्सफॅटमध्ये असल्याने लॅपटॉपला सरळ दिसतं. दर रविवारी ते कॉपी करते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं एक सेव्ह फार तर १२८ केबी, त्यामुळे सात महिन्यांचं सगळं मिळून मोबाइलमधल्या एका फोटोएवढंही भरत नाही. एकूण खर्च यंत्र, दोन कार्डं आणि केबल धरून ८,१०० च्या आसपास गेला. आज पुन्हा घ्यायचा झाला तर घेईन, त्या विक्रेत्याकडून नाही.

सिस्टिमची नवी आवृत्ती आली आहे असं मैत्रीण सांगत होती, तिने टाकलीही. मी थांबले आहे. गणपतीत दादा येणार, तोवर स्लॉट तीनला धक्का लागेल असं काहीही या यंत्रावर करायचं नाही.