शनिशिंगणापूर: दर्शनाला साडेतीन तारे, लटकूंना शून्य

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर घोडेगावला वळलं की पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर. शिर्डीहून राहुरीमार्गे साधारण ७० किलोमीटर. इथे गाभारा नाही, कळस नाही. सुमारे साडेपाच फुटी काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊनपावसात उभी आहे. पाया पडायला आलेला माणूस देवाच्या भरवशावर परत जातो की धास्ती घेऊन, हे बरंचसं शेवटच्या त्या पाच किलोमीटरवर ठरतं.

गाडीचा वेग कमी झाला की लटकू, म्हणजे पूजासाहित्याच्या दुकानांचे दलाल, आडवे येतात. मोटारसायकलवरून सोबत पळतात, ‘पार्किंग फुकट’ म्हणून एखाद्या दुकानासमोर गाडी लावायला लावतात आणि मग हातात पूजेचं ताट देतात. त्यात रुईच्या पानांची माळ, काळे उडीद, मीठ, काळं कापड, घोड्याची नाल, तेलाची बाटली. भाव आधी सांगत नाहीत, परतल्यावर सांगतात. कुरकुर केली की ‘साडेसाती आहे, कमी करू नका’ हे ठरलेलं वाक्य येतं. उपाय सोपा आहे: न थांबता थेट देवस्थानच्या वाहनतळावर जा. ताट घ्यायचंच असेल तर प्रत्येक वस्तूचा भाव विचारून घ्या.

साडेसातीचा हिशेबही एकदा समजून घ्यावा. चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या स्थानातून शनी जातो तो काळ, प्रत्येकी सुमारे अडीच वर्षं. म्हणजे कोणत्याही दिवशी १२ पैकी ३ राशींना साडेसाती असतेच. मार्च २०२५ मध्ये शनी मीनेत आल्यापासून कुंभ, मीन, मेष. रांगेतला साधारण दर चौथा माणूस त्यात निघणार, लटकूला राशी विचारायचीही गरज नाही. शिवाय एका फेरीला शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यामुळे पूर्ण आयुष्य जगणाऱ्याला साडेसाती दोन-तीनदा येते. आजी-आजोबांनी त्यातच संसार केले.

तेलाबाबत घोळ नको. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते म्हणून २०२५ पासून नामांकित कंपनीचं सीलबंद तेलच वाहायचं असं ठरलं आहे. सुटं तेल घेतलंत तर पैसे वाया. घरूनच पाव लिटरची बाटली आणा, तेवढी पुरते. गर्दीत तेल चौथऱ्याखालच्या पात्रात ओतायचं असतं, तिथून ते यंत्राने शिळेवर जातं. चौथऱ्यावर जाऊन वाहण्यासाठी देणगी पावती लागते. हा नियम बदलत आला आहे, म्हणून देवस्थानच्या कार्यालयातच विचारा. ओलेत्याने जाण्याची जुनी पद्धत आता सक्तीची नाही, आणि ८ एप्रिल २०१६ च्या गुढीपाडव्यापासून चौथरा बायकांनाही खुला आहे. घरबसल्या अभिषेकाचं आमिष दाखवणाऱ्या ॲपवर पैसे भरू नका. बनावट ॲपचं प्रकरण २०२५ मध्ये पोलिसांपर्यंत गेलं आहे.

बहुतेक जण दर्शन झालं की शिर्डीकडे पळतात आणि गाव पाहायचं राहतं. जुन्या घरांना चौकट आहे, दार नाही. कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री फळी टेकवतात, एवढंच. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तीही गावाचा रिवाज मानून. चोऱ्या झाल्याच नाहीत असं नाही. २०१० पासून तक्रारी नोंदल्या गेल्या, २०१५ मध्ये पोलीस ठाणंही आलं. तरी गावाने धावत जाऊन कड्या-कोयंडे बसवले नाहीत. ज्या शनीच्या नावाने रस्त्यावर भीती विकली जाते, त्याच्याच जिवावर हे लोक उघड्या घरात झोपतात. पाहुण्यांनी मात्र पाकीट-मोबाइल सांभाळावं, भरवसा गावकऱ्यांचा आहे, गर्दीतल्या अनोळखी माणसाने तो पाळलाच पाहिजे असं नाही.

शनिवार आणि विशेषतः शनी अमावास्या टाळा. साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी लवकर गेलात तर रांग जवळपास नसते. एप्रिल-मेच्या दुपारी फरशी तापते आणि अनवाणी चालवत नाही. अर्धा तारा त्यासाठी कापला, उरलेला एक लटकूंना आवर न घातल्याबद्दल. परतीच्या वाटेवर बैलाच्या घाण्याच्या रसवंत्या आहेत, तिथे बर्फ न घालता रस मागा.