पाराशाची कोडी: अंकांची घालावीत की शब्दांची?

शुक्रवारी रात्री किद्दुश (द्राक्षारसावर म्हणायचा आशीर्वाद) झाला की जेवताना त्या आठवड्याच्या पाराशावर, म्हणजे तोराच्या वाचायच्या भागावर, मुलांना कोडी घालायची असं ठरवलं असेल तर पहिला प्रश्न हाच, की कसली घालायची, कारण तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचे, 54 भाग आहेत आणि वर्षभर पुरवायचंय. त्यात आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांत, इस्राएलातल्या लोदला काय नि ठाण्याला काय, सगळ्यांचं हिब्रू सारखं नसतं, आजीला तर मराठीच जवळची.

गिमात्रिया म्हणजे हिब्रू अक्षरांच्या ठरलेल्या अंकांची बेरीज, आलेफ 1, योद 10, ताव 400 असं. याकोबाला स्वप्नात दिसली ती शिडी, सुलाम, सामेख 60 लामेद 30 मेम 40, झाले 130. आता विचारा, कुठला डोंगर एवढाच भरतो? सिनाय, 60, 10, 50, 10. अब्राहामाने लढाईला नेलेली 318 माणसं आणि त्याचा चाकर एलियेजर याच्या नावाची बेरीजही 318, हे ऐकून मुलं खरंच हरखतात, आणि उत्तर पक्कं असतं, वाद नाही. पण शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत, लिहायचं नाही, म्हणजे सगळं मनात करायचं, तीन-चार अक्षरांपुढे लहान मुलं दमतात आणि ज्याला आलेफ-बेत (हिब्रू मुळाक्षरं) येत नाही तो नुसता बघत बसतो. छापील शब्दकोडी याच कारणाने गुरुवारीच उरकून टाकावीत.

शब्दांच्या कोटीवरची कोडी मला जास्त आवडतात. योसेफ मिसरचा राजा फारो याच्या तुरुंगात दोघांना स्वप्नांचा अर्थ सांगतो आणि दोघांनाही तेच म्हणतो, फारो तुझं डोकं उचलेल. तीन दिवसांनी एकाला जुनी नोकरी परत मिळते, दुसऱ्याला फाशी. का? एकाची मान वर होते, दुसऱ्याचं डोकं धडावरूनच उचललं जातं. हे मराठीतही जसंच्या तसं चालतं बघा. किंवा हे घ्या: एकदा जनावरांनी भरली, एकदा तान्ह्या बाळाने, आता शनिवारी तिच्यावर उभं राहून वाचतात, ओळखा. तेवा! नोहाचं तारू आणि मोशेची टोपली, तोरात हा शब्द फक्त या दोघांसाठी येतो, आणि सिनेगॉगमधल्या (प्रार्थनास्थळातल्या) वाचनाच्या चौथऱ्यालाही आपण तेवाच म्हणतो, त्यामुळे हे बऱ्याचदा आजीच आधी ओळखते.

सगळ्याच कोट्या मराठीत येत नाहीत हे खरं. एदेन बागेत माणसं आरूमिम म्हणजे नागवी आणि साप आरूम म्हणजे धूर्त, ही कोटी मराठीत मरणार असं मी धरून चालले होते, पण आपल्याकडे नाग आणि नागवा तयारच आहेत की! अर्थ तंतोतंत तोच नाही, पण मुलांना गंमत कळते.

सगळी मुलं हिब्रू वाचणारी आणि आठ-नऊ वर्षांपुढची असतील तर गिमात्रिया घ्या, रात्रीला एकच. टेबलाभोवती सगळ्या वयाची माणसं असतील तर शब्दांचीच घ्या आणि उत्तर लगेच सांगू नका. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये तोराचं वाचन चालू असताना पोरगं कान टवकारून 'डोकं उचलेल' कधी येतं याची वाट बघतं, हे बेरजेच्या कोड्यात होत नाही, ती रात्रीच संपते.