बीपी मशीन: दंडाचं की मनगटाचं?

घरातल्या ज्येष्ठांसाठी बीपी मशीन घ्यायचं म्हटलं की घोडं इथेच अडतं.

अचूकतेत दंडाच्या मशीनचं पारडं जड. हात टेबलावर ठेवला की दंड आपसूक हृदयाच्या पातळीला येतो. मनगट मात्र तिथे मुद्दाम धरावं लागतं. ते मांडीवरच राहिलं, म्हणजे साधारण २० सेंमी खाली, तर आकडा १५ने जास्त दिसू शकतो. हात थरथरत असेल तर विचारूच नका.

वापरायला मनगटाचं सोपं. बाही वर सारायची कटकट नाही, आणि संधिवाताने बोटं आखडलेल्यांना ते एकट्याने जमतं. दंडाचा पट्टा मापाचाच हवा. लहान पट्टा आकडा फुगवतो. आधी टेपने दंडाचा घेर मोजा. (‘सर्वांना बसतो’ हे खोक्यावरचं वाक्य सोडून द्या.)

ठोके अनियमित असतील तर दोन्ही चुकू शकतात. तीनदा मोजून सरासरी काढा.

आकड्यांवरून औषधाचा डोस ठरणार असेल तर दंडाचंच घ्या. पट्टा दंडाला बसतच नसेल किंवा बांधताना दुखत असेल तर मनगटाचं चालेल. पण ते एकदा डॉक्टरांकडच्या मशीनशी ताडून घ्या.