गळपट्ट्यातला जीपीएस ट्रॅकर: आठ महिन्यांच्या वापरानंतर, फक्त चोरीच्या दृष्टीने

कुत्रा उचलून नेणारा माणूस बरेचदा आधी गळपट्टा काढून फेकतो. ट्रॅकरबद्दलचं माझं सगळं मत या एका गोष्टीवर उभं आहे. पट्टा सुटेपर्यंतची काही मिनिटं, एवढंच हे उपकरण आपल्या हाती देतं. ती मिनिटं वाया जाऊ नयेत अशा बेताने ते लावलं आणि सेट केलं, तर ते घेण्यासारखं आहे. डब्यातून काढून तसंच अडकवलं, तर भरकटलेला कुत्रा शोधायला ठीक, चोरीत त्याचा उपयोग फार थोडा.

आधी ते चालतं कसं ते बघू. जीपीएसचा भाग उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो. ठिकाण आपल्या फोनपर्यंत पोचवतं ते आतलं सिमकार्ड, मोबाइल नेटवर्कवरून. म्हणजे मोकळं आकाश आणि नेटवर्क, दोन्ही लागतात. बंद व्हॅनच्या पत्र्याआड किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये आकाश दिसत नाही. मग ॲप शेवटचं ठिकाण दाखवत राहतं, नाहीतर टॉवरवरून अंदाज बांधतं. तो अंदाज शेकडो मीटरने चुकू शकतो. म्हणून नकाशावरच्या ठिपक्याआधी त्याच्याखालची 'शेवटचं अपडेट' ही वेळ वाचायची सवय लावा. नऊ मिनिटांपूर्वीच्या ठिपक्यामागे धावणं म्हणजे रिकाम्या रस्त्यावर पोचणं.

सर्वात मोठी अडचण बॅटरी वाचवण्याच्या सोयीतच आहे. घरच्या वायफायच्या टप्प्यात असेपर्यंत ट्रॅकर जीपीएस बंद ठेवून झोपतो. पण राउटरचा टप्पा बरेचदा फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जातो. कुत्रा फाटकातून उचलला, गाडीत घातला, तरी ट्रॅकरच्या लेखी तो घरीच असतो. वायफाय तुटल्यावर तो जागा होतो, उपग्रह शोधतो (मोकळ्यावर साधारण अर्धा मिनिट, गाडीत त्याहून कितीतरी जास्त), मग निरोप पाठवतो. तेवढ्यात गाडी वळणं घेऊन गेलेली असते. उपाय दोन: राउटर अंगणापासून दूरच्या खोलीत हलवा, आणि कुत्रा अंगणात एकटा असताना ही सोय बंद ठेवा. बॅटरी लवकर संपेल, संपू द्या.

आभासी कुंपणाची (ॲपमध्ये घराभोवती आखलेली हद्द, कुत्रा ती ओलांडून गेला की फोन वाजतो) त्रिज्या ५० मीटरपेक्षा कमी ठेवू नका. भिंतींवर आपटून येणाऱ्या संकेतांमुळे ठिकाण सहज दहा-वीस मीटर सरकतं आणि कुत्रा चटईवर घोरत असताना 'बाहेर गेला' असा इशारा येतो. असे चार इशारे आले की माणूस ॲपचा आवाज बंद करतो, आणि मग खरा इशाराही मुका होतो. फोनची बॅटरी-बचतही हाच घोळ घालते. तिच्यातून हे ॲप वगळा आणि 'व्यत्यय नको' चालू असतानाही त्याला वाजायची परवानगी द्या.

महिन्यातून एकदा तालीम करा. घरातल्या कुणाला तरी ट्रॅकर खिशात घेऊन, न सांगता, गाडीतून निघून जायला सांगा. निघाल्याची वेळ आणि फोन वाजल्याची वेळ कागदावर लिहा. हे अंतर म्हणजे तुमच्या ट्रॅकरची खरी कामगिरी. डब्यावर काय छापलंय ते बाजूला ठेवा.

लाइव्ह मोडमध्ये ठिपका काही सेकंदांनी हलतो, पण दिवसचे दिवस पुरणारी बॅटरी तासांवर येते. चार्जिंग करायचं ते कुत्रा दाराआड, माणसांत असतानाच. चार्जिंगचे टोक ओलसर राहिले की त्यांवर थर चढतो आणि रात्रभर लावूनही बॅटरी भरत नाही, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून मगच लावा. डब्यावरचं आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, तेही उपकरण नवं असताना. रबरी झाकण सैल झालं की त्याचा भरवसा नाही.

आता बसवण्याबद्दल. सोबत येणाऱ्या रबरी क्लिपा झुडपात आणि खाजवण्यात सैल होतात. शिवाय वजनामुळे गळ्यातला ट्रॅकर फिरून खाली येतो, वर कुत्र्याचं शरीर आडवं येतं आणि संकेत कमजोर होतो. हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या पट्टीला आतून चपटा कप्पा शिवून त्यात ट्रॅकर घाला. कापडाने जीपीएस अडत नाही, धातूने अडतं. गळ्यात साधा, दिसणारा पट्टा आणि बिल्ला राहू द्या. चोराचा हात आधी तिकडे जातो. हार्नेसखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. रात्री घरात तो काढून काखेतली कातडी बघा. लाल, ओलसर चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत हार्नेस नको.

सिमऐवजी ब्लूटूथवर चालणारा एअरटॅग (ॲपलचा वस्तू शोधायचा छोटा टॅग) चोरीसाठी घेऊ नका. तो जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनवर अवलंबून असतो. शिवाय पाळत रोखण्यासाठी तो चोराच्याच फोनवर 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय' असं कळवतो. चावणाऱ्या कुत्र्याला त्यातल्या बटण-बॅटरीचा धोका वेगळाच. ती गिळली तर अन्ननलिका भाजते.

पट्टा गेल्यावर उरते ती मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे ठिकाण कळत नाही. रीडर काही सेंटिमीटरवर आणला की १५ अंकी क्रमांक दिसतो, बस. १३४.२ किलोहर्ट्झची, आयएसओ प्रमाणातली चिपच घ्या. जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या चिपा काही रीडर वाचत नाहीत. चिप कातडीखाली सरकून खांद्यावर किंवा पुढच्या पायाकडे जाऊ शकते, म्हणून दरवर्षी लसीच्या वेळी डॉक्टरांना ती वाचून दाखवायला सांगा. आणि नोंदणीतला फोन नंबर बदलायला विसरू नका. नंबर जुना असेल तर सापडलेला कुत्राही घरी येत नाही, आणि तो बिचारा तर आपलीच वाट बघत असतो.

बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव नको. नावाने हाक मारली की तो परक्याकडेही शेपूट हलवत जातो. दोन फोन नंबर आणि 'चिप आहे' एवढं पुरे.

फाटकाची कडी बाहेरून हात घालून उघडत असेल तर आधी ती बदला, ट्रॅकर नंतर घ्या. बिजागरीवरून फाटक उचलून निघत असेल तर वरच्या बिजागरीची खीळ उलटी बसवून घ्या.

फोटो आजच काढून ठेवा: समोरून, दोन्ही बाजूंनी, नाकाचा जवळून, प्रत्येक खुणेचा, आणि एक तुमच्यासोबतचा. कुत्रा गेल्यावर लावायच्या पत्रकात एक खूण मुद्दाम लपवा. 'कुत्रा माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा' असा फोन आला की तीच खूण विचारा, आणि कुत्रा डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. भेटायला एकट्याने जाऊ नका, पोलिसांना सांगून जा.