नोगुची संग्रहालय, न्यूयॉर्क: कातळाचा मान राखणारी शिल्पे

न्यूयॉर्कला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक मॅनहॅटनमधील दोन-तीन मोठी संग्रहालये पाहून परततात; नदीपलीकडे क्वीन्समध्ये शिल्पकार इसामु नोगुची यांनी स्वतःच्या कामासाठी उभारलेले संग्रहालय सहसा त्यांच्या यादीत नसते. दगड, पाणी आणि झाड यांच्याशी माणसाने कसे वागावे, या प्रश्नात ज्यांना मनापासून रस आहे, त्यांनी अर्धा दिवस राखून येथे जावेच, असे मी आग्रहाने सांगेन.

नोगुची यांचा जन्म १९०४ साली लॉस एंजेलिस येथे झाला. वडील योने नोगुची हे जपानी कवी, तर आई लिओनी गिलमूर या अमेरिकन लेखिका. बालपण जपानमध्ये, पुढचे शिक्षण अमेरिकेत, १९२७ मध्ये पॅरिसला शिल्पकार ब्रांकुशी यांच्या हाताखाली उमेदवारी आणि १९४९ मध्ये भारतातील जंतरमंतरचा अभ्यास, असा हा प्रवास आहे. दगड, लाकूड, धातू, कागद, रंगमंचाचे नेपथ्य, बागा असे सारेच त्यांनी हाताळले. एका जुन्या कारखान्याच्या इमारतीचा विस्तार करून त्यांनी १९८५ मध्ये हे संग्रहालय खुले केले, म्हणूनच कोणते शिल्प कुठल्या उजेडात उभे राहावे यामागे येथे शिल्पकाराचीच नजर जाणवते.

तळमजल्यावरील बेसाल्ट आणि ग्रॅनाइटची मोठी शिल्पे हा या भेटीचा गाभा आहे. त्यांतील बरीचशी जपानमधील शिकोकू बेटावरच्या मुरे या पाथरवटांच्या गावी घडली. बेसाल्टमधील लोहामुळे हवापाण्याने तांबूस झालेली बाहेरची साल कित्येक ठिकाणी तशीच ठेवलेली आहे. तिच्या शेजारीच एखादा सपाट छेद येतो आणि आतला करडा-काळा कातळ आरशासारखा चकाकतो. हाच दगड आपल्या ओळखीचा आहे, कारण वेरूळचे कैलास लेणे याच जातीच्या कातळात कोरलेले आहे. तेथे कारागिराने डोंगरातून अख्खे देऊळ मोकळे केले; येथे शिल्पकार चार-दोन घाव घालून थांबतो आणि उरलेले दगडावर सोपवतो. ते थांबणे किती विचारपूर्वक आहे, हे एकाच शिल्पाला सावकाश फेरी घातल्याशिवाय कळत नाही.

बागेतील १९८२ चे ‘द वेल’ हे शिल्प मला सर्वांत मोलाचे वाटते. बेसाल्टच्या उभ्या शिळेच्या माथ्यावर गोल कुंड आहे. त्यात आतून चढणारे पाणी काठोकाठ भरून शिळेच्या अंगावरून इतक्या पातळ थराने उतरते, की ते वाहते आहे हे ओल्या दगडाच्या चमकेवरूनच ओळखावे लागते. नोगुची १९८८ मध्ये वारले आणि त्यांच्या अस्थींचा काही भाग याच बागेत पुरलेला आहे.

पत्र्याची शिल्पे मात्र मला त्या मानाने थंड वाटली. वरच्या मजल्यावरील बदलत्या प्रदर्शनांसाठी फार वेळ राखण्याची गरज नाही. तळमजल्यावर माहितीपेक्षा पाहण्यावर भर असल्याने कलाकाराचा जीवनपट आधी वाचून जाणे चांगले. शिल्पांना हात लावण्याचा मोह लहान मुलांना आवरणे कठीण जाते, हेही ध्यानात असावे. सोमवारी आणि मंगळवारी संग्रहालय बंद असते. क्वीन्समधील ब्रॉडवे मेट्रो स्थानकापासून पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते.

संग्रहालयाच्या दुकानात ‘अकारी’ हे कागदी दिवे मिळतात. नोगुची यांनी १९५१ मध्ये जपानमधील गिफू शहरातील कंदील पाहून त्यांची रचना सुरू केली आणि आजही ते गिफूतच हाताने बनतात. लाकडी साच्याभोवती बांबूच्या काड्या गुंडाळून त्यांवर तुतीच्या सालीचा कागद चिकटवतात आणि वाळल्यावर साचा आतून सुटा करून काढतात, त्यामुळे दिवा घडी होऊन चपट्या खोक्यात मावतो व विमानाने आणणे सोपे जाते. किंमत हलकी नाही. कागद नाजूक असल्याने धूळ मऊ कुंचल्यानेच झटकावी लागते आणि कोकणासारख्या दमट हवेत त्याची विशेष काळजी घ्यावी लागेल. बाजारातील नकलांपेक्षा हा दिवा घ्यावा असे मला वाटते, कारण त्याच्या कागदातून येणारा उजेड सगळीकडे एकसारखा नसतो. सालीचे तंतू जेथे दाट आहेत तेथे तो किंचित मंदावतो.