खिंडीत आत्ता काय दिसते आहे? : एफएएच्या हवामान कॅमेरा सेवेचा अभिप्राय

छोट्या खासगी विमानाने ब्रिटिश कोलंबियातील फोर्ट सेंट जॉनहून अलास्कातील फेअरबँक्सला जाणारे बहुतेक वैमानिक अलास्का महामार्गाची सोबत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वाटेतील फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स व नॉर्थवे हे विमानतळ दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाकडे पाठवायची अमेरिकी विमाने उत्तरेला नेण्यासाठी वापरले गेले, आणि १९४२ मध्ये महामार्गही त्यांनाच धरून बांधला गेला. तरीही दोन विमानतळांमधील अंतर शेकडो किलोमीटरचे आहे आणि हवामानाचा अहवाल मात्र त्या त्या धावपट्टीपुरताच मिळतो. मधल्या डोंगरांत काय चालले आहे, या प्रश्नाला थेट उत्तर देणारी विनामूल्य सेवा म्हणून एफएए या अमेरिकी हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या हवामान कॅमेऱ्यांचा उल्लेख सर्वांत आधी करावा लागेल.

संकेतस्थळाच्या नकाशावरील ठिकाण निवडले की तेथील कॅमेऱ्यांची वेगवेगळ्या दिशांची छायाचित्रे समोर येतात आणि ती साधारण दर दहा मिनिटांनी बदलतात. नॅव्ह कॅनडा या कॅनडातील हवाई वाहतूक नियंत्रण सेवेचे कॅमेरेही याच संकेतस्थळावर दिसत असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंचे नियोजन एका जागी करता येते. मात्र या सेवेचे खरे मोल ताज्या छायाचित्रात नसून त्याच्या शेजारी ठेवलेल्या, निरभ्र दिवशी टिपलेल्या संदर्भचित्रात आहे, असे माझे मत आहे. त्या चित्रावर समोरच्या शिखरांची उंची आणि अंतर लिहिलेले असते. त्यामुळे कोणता कडा ढगात बुडाला आहे आणि कोणता अजून दिसतो आहे, यावरून ढगांचा तळ आणि दृश्यमानता या दोहोंचा अंदाज बांधता येतो. अनोळखी खिंडीचे नुसते करडे छायाचित्र पाहून परक्या माणसाला काहीच उमगणार नाही. उन्हाळ्यात युकॉन व अलास्काच्या अंतर्भागात वणव्यांचा धूर पसरतो, तेव्हा लांबची डोंगररांग पुसली गेल्याचे या तुलनेतूनच चटकन लक्षात येते. मागील काही तासांची छायाचित्रे ओळीने पाहण्याची सोयही उत्तम आहे, कारण हवामान सुधारते आहे की बिघडते आहे हे एकट्या चित्रातून कळत नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. कॅमेऱ्याला वारा दिसत नाही. फेअरबँक्सहून अँकरेजकडे जाताना लागणारी नेनाना नदीची घळ छायाचित्रात स्वच्छ दिसत असली, तरी तेथील झंझावाती वारे लहान विमानाची कसोटी पाहू शकतात. पंखांवर साचणाऱ्या बर्फाबद्दलही ही छायाचित्रे काही सांगत नाहीत. अंधारात बहुतेक कॅमेरे निरुपयोगी ठरतात; जूनमध्ये ही अडचण जवळपास जाणवत नाही, पण डिसेंबरमध्ये फेअरबँक्सचा दिवस चार तासांहूनही लहान असतो. भिंगावर बर्फ साचणे किंवा दुर्गम ठिकाणचा संपर्क तुटणे हेही गृहीत धरावे, म्हणून छायाचित्रावरील वेळ वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नये. शिवाय रानावरून उडताना मोबाइलचे जाळे मिळत नाही, आणि निघताना पाहिलेले चित्र दोन तासांनी जुनेच झालेले असते. अलास्कात याला एक चांगला पर्याय आहे: तेथील उड्डाण सेवा केंद्रातील कर्मचारी हीच छायाचित्रे पाहून रेडिओवर माहिती देतात.

ही सेवा अधिकृत अहवालांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारी नाही. नॉर्थवेला इंधन मिळेल का, सीमाशुल्क अधिकाऱ्यांना आगमनाची वेळ कळवली आहे का, कॅनडात पंचवीस नॉटिकल मैलांपलीकडच्या उड्डाणासाठी लागणारी योजना नोंदवली आहे का, हे सारे वेगळे पाहावेच लागते. मात्र आज निघावे की थांबावे, या एका निर्णयासाठी याहून उपयुक्त साधन माझ्या वापरात नाही. अलास्काच्या कायद्यानुसार विमानात संकटकाळी तग धरण्याचे सामान ठेवावे लागते. हे सामान प्रत्यक्ष वापरण्याची वेळ येण्यापेक्षा वॉटसन लेकला एक जादा रात्र काढणे केव्हाही स्वस्त पडते. पाचपैकी साडेचार गुण. उरलेला अर्धा गुण मोबाइलवर नकाशा संथपणे उघडतो म्हणून कापला आहे.