पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि पीयूसीचे दोन आकडे)

किट मेलं. वॉरंटीत असताना मेलं आणि विकणाऱ्यांनी बदलून द्यायला साफ नकार दिला, म्हणून लिहायला बसलोय. पण नुसता राग काढायला नाही. या किटमुळेच माझी गाडी स्लोवर (उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा) का थरथरते ते सापडलं, आणि ज्यांच्या दारात अजून फियाट, म्हणजे पद्मिनी, उभी आहे त्यांना ते कळायला हवं.

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर, बाकी तुम्हाला माहितीच आहे. पळताना काही तक्रार नाही. सिग्नलला उभी राहिली की मिसिंग (सिलेंडर मधेच न पेटणं) सुरू, स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा हाताला झिणझिण्या येतील इतका थरथरणार, चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकणार आणि पाय जरा काढला की बंद. कुठल्याही गॅरेजला न्या, उत्तर ठरलेलं: पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) घासू, प्लग साफ करू, स्लोचा स्क्रू थोडा आवळू. आठवडाभर बरी चालते मग परत तेच. दरवेळी पाचशे-सातशे जातात आणि जुना पार्ट हातात मिळत नाही तो नाहीच.

पॉइंटवर संशय जाणं बरोबरच होतं म्हणा. चारही प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पॉइंट त्यातच असतात, त्याचा शाफ्ट हाताने हलवला तर आडवा खेळ लागत होता. बुश झिजलं की शाफ्ट डगमगतो, पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलेंडरला वेगळा पडतो, मग ठिणगीचं टायमिंगही थोडं इकडे थोडं तिकडे. वेगात ते फारसं जाणवत नाही, स्लोवर लगेच कळतं. म्हणून पॉइंट आणि त्याचा कंडेन्सर काढून, पॉइंटचं काम सेन्सरने करणारं हे किट घेतलं. रोटरखाली चुंबकाची रिंग बसते, शेजारी सेन्सर, दोन वायरी (ठिणगीचा करंट बनवणाऱ्या) कॉइलला, लाल प्लसला आणि काळी मायनसला, संपलं. तासाभरात काम झालं.

सुरुवातीला मी खूश. थंडीत सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट, चढावर ओढ चांगली, पॉइंट घासायची कटकट कायमची गेली. स्लोवर पण फरक होता, पण पूर्ण नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत मिसिंग परत जाणवायला लागली. तेव्हा मी एका ग्रुपवर या किटला पाचपैकी दोन दिले होते. ते आता बदलतोय, का ते पुढे येईल.

मधेच पीयूसी संपलं आणि पंपावरच्या पीयूसीवाल्याने गाडी नापास केली. म्हणाला, "काका, जुनी गाडी आहे, जरा रेस देऊन धरा, पास होईल." मी तसं केलं नाही, पावती मागितली. आपल्या जुन्या चारचाकींना मर्यादा आहे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) १५०० पीपीएम, आणि मोजतात आयडलिंगवर, म्हणजे स्लोवरच. माझी पावती सांगत होती सीओ ०.६, एचसी १९४०. ही पावती लोक घेतात आणि डॅशबोर्डच्या खणात टाकून देतात. अहो, हा सगळा रिपोर्ट आहे, रक्ताच्या रिपोर्टसारखा वाचायचा असतो! सीओ म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडल्यामुळे अर्धवट जळलेलं. एचसी म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल. दोन्ही वर असतील तर हवा-पेट्रोलचं मिक्श्चर घट्ट आहे, चोक अडकलाय का, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची लेव्हल, नीडल, हे बघायचं. पण सीओ तळाला आणि एचसी आभाळाला असेल तर पेट्रोल कमी आहे आणि तेही जळत नाहीये. म्हणजे एकतर ठिणगी चुकतेय नाहीतर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय आणि मिक्श्चर इतकं पातळ होतंय की पेटतच नाही.

आता किटचा खरा उपयोग इथे झाला. किट नवीन, प्लग नवीन, वायरी नवीन, प्लग काढून बघितले तर चारही पांढरट, म्हणजे मिक्श्चर पातळ. ठिणगीवरचा संशय जवळजवळ मिटलाच. पॉइंट असते तर परत पॉइंटच घासत बसलो असतो. (एक सूचना, किट असेल तर चालू इंजिनवर प्लगची वायर उपटून कुठला सिलेंडर मेलाय ते बघू नका, ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर किटचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जाऊ शकतं.)

मग कार्ब क्लीनरचा स्प्रे. इंजिन स्लोवर ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथे तो खाली बोल्टने बसतो तिथे, नळीने जेमतेम थेंबभर मारला. इंजिनाचा आवाज तत्क्षणी चढला आणि गाडी दोन-तीन सेकंद इतकी गुळगुळीत चालली की काय सांगू. परत मारला, परत तेच. हे करताना सायलेन्सरचा मॅनिफोल्ड गरम असतो, स्प्रे पेट घेतो, त्यामुळे इंजिन थंड असताना स्टार्ट करून लगेच करा आणि फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा.

कार्बोरेटर उतरवला. खालचं पॅकिंग कडक होऊन एका बाजूने चिरलेलं. त्याहून वाईट म्हणजे कार्बोरेटरची फ्लँजच (बोल्टने बसणारा बुडाचा सपाट भाग) वाकलेली होती, स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघितलं तर मधोमध फट स्पष्ट दिसत होती. वर्षानुवर्षं प्रत्येकाने ते दोन नट जीव खाऊन आवळलेत, दुसरं काही नाही. टेबलाच्या काचेवर पॉलिश पेपर पसरला, थोडं पाणी टाकलं आणि फ्लँज गोल गोल घासली, आधी नुसत्या कडांना चमक येते, मग हळूहळू मधेही यायला लागते, सगळीकडे सारखी आली की झालं. थ्रॉटलचा स्पिंडल (ॲक्सिलरेटरने फिरणारी कार्बोरेटरमधली दांडी) हलवून बघितला, कारण तिथूनही हवा शिरते, थोडा खेळ आहे पण चालण्यासारखा. जास्त असेल तर लेथवाल्याकडून पितळी बुश बसवून घ्यावं लागतं. पॅकिंग पुण्यात नाना पेठेत मिळालं, शंभराच्या आत. शंभराच्या आत! आणि इतकी वर्षं मी ट्यूनिंगला किती घातले त्याचा हिशोब करायची इच्छा नाही.

बसवल्यावर मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड वळसा बाहेर, मग इंजिन गरम झाल्यावर कानाने. आवळून बसवू नका, सुईच्या टोकावर चर पडतो आणि मग ती कधीच नीट सेट होत नाही. मला दीडपेक्षा थोडं जास्त बाहेर ठेवावं लागलं, आणि माझ्या मते त्याला आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल कारण आहे. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) जुन्या पेट्रोलच्या मापाचे, त्यामुळे गाडी मुळातच थोडी पातळ चालते, त्यात बुडाशी हवा ओढली की संपलंच. कोणीतरी शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाका म्हणेल. टाकू नका, कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला त्या ऑक्टेनचा काही उपयोग नाही.

नंतरची पावती: सीओ १.९, एचसी ४१०. त्याच पीयूसीवाल्याने मशीन बिघडलं की काय म्हणून परत लावून बघितलं.

आता किट कसं गेलं ते. इलेक्ट्रिशियन वायपरचं काम करत होता, किल्ली बराच वेळ ऑन, इंजिन बंद. मॉड्यूल गरम होऊन गेलं. विक्रेत्यांचं म्हणणं, किल्ली ऑन ठेवली म्हणजे ग्राहकाची चूक, वॉरंटी लागू नाही. मग हे माहितीपत्रकात एका ओळीत छापायला काय होतं? मी शब्दन् शब्द वाचलंय, कुठेही नाही. आधी खोक्याचा फोटो मागितला, मग बिलाचा, मग डिस्ट्रिब्युटरच्या नंबर प्लेटचा, आणि सगळं दिल्यावर हे उत्तर. याची मला भयंकर चीड आहे, पैशापेक्षा जास्त या वागण्याची.

डिकीत जुनी पॉइंटची प्लेट होती, ती बसवली. आणि गाडी स्लोवर जवळपास तितकीच छान उभी राहते. म्हणजे थरथरण्याचा मोठा वाटा पॅकिंगचाच होता. तरी किटला मी आता पाचपैकी साडेतीन देतो, स्टार्टिंगसाठी आणि ज्या कामात मदत झाली त्यासाठी. सर्व्हिसला शून्य.

परत घेईन, पण दुसऱ्याकडून. घेताना दोन गोष्टी बघणार: इंजिन बंद असताना मॉड्यूल आपोआप करंट तोडतं का, ते लेखी हवं. आणि मल्टिमीटरने कॉइल मोजायची, तीन ओहमच्या आसपास पाहिजे. गाडीत कोणी दीड ओहमची कॉइल बसवून ठेवली असेल आणि बॅलास्ट (करंट कमी करणारा रेझिस्टर) नसेल तर किट कितीही चांगलं असो, टिकणार नाही.